डीरॅम कोणाला द्यायची: डीरॅम-ऑप्टेन सर्व्हरवरच्या कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५ : यंत्र आणि मापं

प्रश्न असा: डीरॅम वेगवान पण थोडी, ऑप्टेन (इंटेलची मेमरीच्या खाचेत बसणारी दुसरी मेमरी) मोठी पण संथ; मग कोणता डेटा डीरॅममध्ये ठेवायचा? यंत्र: दोन सॉकेटचा (दोन प्रोसेसरांचा) कॅस्केड लेक (इंटेलची एक प्रोसेसर-पिढी) सर्व्हर, लिनक्स कर्नेल ६.१२. प्रत्येक सॉकेटला सहा चॅनल, दर चॅनलवर १६ जीबीची एक डीरॅम पट्टी आणि १२८ जीबीची एक ऑप्टेन पट्टी. म्हणजे सॉकेटमागे ९६ जीबी डीरॅम आणि ७६८ जीबी ऑप्टेन, प्रमाण १:८. सगळं काम सॉकेट ० वरच ठेवायचं. पलीकडच्या सॉकेटच्या ऑप्टेनपर्यंत जाण्याचा फेरा इतका महाग पडतो की तो मोजमापात मिसळला तर कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

वेगातला फरक किती, याचा अंदाज सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये केलेल्या मोजणीवरून धरला आहे. वाचताना डीरॅमला ओळीने ८१ आणि विखुरलेल्या जागी १०१ नॅनोसेकंद लागतात. ऑप्टेनला तेच १६९ आणि ३०५. एका पट्टीतून वाचन जास्तीत जास्त ६.६ जीबी प्रतिसेकंद, लिखाण फक्त २.३. म्हणजे वाचनापेक्षा लिखाणाची काळजी जास्त.

चालवायचा आहे तो सी भाषेतला की-व्हॅल्यू सर्व्हर (की दिली की तिची व्हॅल्यू देणारा), रेडिस या प्रसिद्ध सर्व्हरच्या वळणाचा: एक मोठं हॅश टेबल, मेमरी वाटणारी जेमॅलॉक लायब्ररी, आणि फोर्क करून (प्रोसेसची नक्कल, म्हणजे चाइल्ड, काढून) स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या डेटाची प्रत. ४० कोटी की, प्रत्येकीची व्हॅल्यू १ केबी. बकेटांचा (हॅश टेबलच्या खणांचा) तक्ता २ चा २९ वा घात गुणिले ८ बाइट, म्हणजे ४.३ जीबी. नोंदी २४ बाइटच्या, ९.६ जीबी. कीचा मजकूर ३२ बाइट, १२.८ जीबी. हे तिन्ही मिळून इंडेक्स सुमारे २७ जीबी आणि व्हॅल्यू ४१० जीबी.

चाचणीचा भार: सेकंदाला १ लाख विनंत्या, त्यातल्या ९० टक्के फक्त १ टक्का कींवर. या गरम की मेमरीत कुठेही विखुरलेल्या.

एक गोष्ट आत्ताच ठरवून ठेवावी. जेमॅलॉक ठरावीक मापांच्या खणांत (वर्गांत) मेमरी देतं; १०२४ बाइटनंतरचा वर्ग थेट १२८०. व्हॅल्यूला १६ बाइटचं हेडर जोडलं की १ केबीची वस्तू १२८० च्या खणात जाते आणि ४१० चे ५१२ जीबी होतात. शिवाय त्या वर्गाचा स्लॅब (खणांचा गठ्ठा) पाच पेजांचा असतो (पेज म्हणजे मेमरीचा ४ केबीचा तुकडा), त्यामुळे काही व्हॅल्यू दोन पेजांच्या सीमेवर पडतात. म्हणून हेडरसकट मर्यादा १०२४, डेटा १००८.

५ फेब्रुवारी : मेमरी मोड का नको

यंत्र मेमरी मोडमध्ये आलं होतं. या मोडमध्ये डीरॅम ऑपरेटिंग सिस्टिमला दिसतच नाही. ती ऑप्टेनपुढची डायरेक्ट-मॅप्ड (प्रत्येक पत्त्याला एकच ठरलेली जागा असलेली) कॅश होते, ६४ बाइटच्या ओळींची. दोन गरम ओळी एकाच जागी बसत असतील तर त्या एकमेकींना सतत हाकलत राहतात. कर्नेलमध्ये मोकळ्या पेजांची यादी पिसण्याचा पर्याय (पेज-अ‍ॅलॉक शफल, ५.२ पासून) यासाठीच आला.

तरीही हा मोड फुकट बदनाम करू नये. विखुरलेल्या छोट्या वस्तूंसाठी ६४ बाइटचा दाणा ४ केबीच्या पेजापेक्षा पुष्कळ चांगला. आपल्याला तो चालत नाही याचं कारण स्नॅपशॉट. फोर्क केलेली चाइल्ड प्रोसेस ४१० जीबी वाचत जाते, म्हणजे ९६ जीबीची कॅश चारपेक्षा जास्त वेळा धुतली जाते. हार्डवेअरला हे वाचन आणि ग्राहकाचं वाचन यांत फरक कळत नाही, आणि तो सांगायची सोयही नाही.

आयपीएमसीटीएलने अ‍ॅप डायरेक्ट मोडचं (यात डीरॅम आणि ऑप्टेन वेगवेगळ्या दिसतात) गोल, म्हणजे नवी मांडणी, लिहून रीबूट. यात पट्ट्यांवरचा जुना डेटा जातो.

६ फेब्रुवारी : ऑप्टेन साध्या मेमरीसारखी जोडणे

क्रम असा: एनडीसीटीएल या साधनाने डेव्ह-डॅक्स प्रकारची नेमस्पेस (थेट मेमरीसारखा वापरता येणारा ऑप्टेनचा भाग), मॅपचा पर्याय ‘मेम’. ‘डेव्ह’ ठेवला तर पेजांच्या मेटाडेटासाठी पट्टीवर जागा राखली जाते आणि पुढे केमेम ड्रायव्हर (ऑप्टेनला साधी मेमरी म्हणून जोडणारा) ती वापरतच नाही. मग डॅक्ससीटीएलने त्या डिव्हाइसचा मोड सिस्टिम-रॅम करायचा. नवा नोड (कर्नेलच्या दृष्टीने मेमरीचा एक गट) दिसतो, त्याला सीपीयू नाहीत. आपल्याकडे डीरॅम नोड ० आणि १, ऑप्टेन नोड २ आणि ३.

इथे हमखास होणारी गडबड: यूडेव्हचा नियम किंवा कर्नेलचं ऑटो-ऑनलाइन डॅक्ससीटीएलच्या आधी धावतं आणि मेमरीचे तुकडे नॉर्मल झोनमध्ये (जिथे कर्नेल स्वतःचा डेटाही ठेवतं) ऑनलाइन होतात. डॅक्ससीटीएल शर्यतीचा इशारा देतं, पण तो लॉगमध्ये हरवतो. परिणाम वाईट. कर्नेलचे स्वतःचे स्लॅब आणि पेज टेबल ऑप्टेनवर जाऊ लागतात, आणि नंतर तो नोड ऑफलाइनही करता येत नाही. ऑटो-ऑनलाइन बंद करा, मगच मोड बदला, आणि झोन-इन्फो उघडून नोड २ ची सगळी पेजं मूव्हेबल (हलवता येणाऱ्या पेजांच्या) झोनमध्ये आहेत हे डोळ्यांनी पाहा.

मेटाडेटाचा हिशेब: दर ४ केबीच्या पेजामागे ६४ बाइटचं स्ट्रक्ट पेज. ७६८ जीबीला १२ जीबी, आणि ते डीरॅममधून जातात. ९६ तल्या १२! कर्नेल ६.८ पासून हा मेटाडेटा जोडलेल्या मेमरीवरच ठेवता येतो (मेममॅप-ऑन-मेमरी), पण पीमेमसाठी (ऑप्टेनसारख्या मेमरीसाठी) तो पर्याय आपोआप चालू नसतो. सध्या तसंच राहू द्यायचं. स्ट्रक्ट पेजमध्ये सतत लिहिलं जातं, आणि फोर्कच्या वेळी तर प्रत्येकाचा रेफरन्स काउंट हलतो. ही लिखाणं ऑप्टेनवर नकोत.

उरलेली डीरॅम: ९६ वजा १२ वजा डीरॅमचा स्वतःचा मेटाडेटा १.५, म्हणजे ८२.५ जीबी.

११ फेब्रुवारी : कर्नेलचं टायरिंग चालू

टायरिंग म्हणजे गरम पेजं वेगवान मेमरीत आणि थंड पेजं संथ मेमरीत ठेवणं. त्याचे दोन वेगळे स्विच आहेत आणि दोन्ही लागतात. डिमोशन (सिस-एफएसमधला डिमोशन-एनेबल्ड): डीरॅम भरत आली की केएसवॉपडी (मेमरी मोकळी करणारा कर्नेलचा थ्रेड) थंड पेजं स्वॉपऐवजी खालच्या नोडवर सरकवतं. प्रमोशन: नुमा-बॅलन्सिंगची किंमत २, म्हणजे टायरिंग मोड. यात कर्नेल फक्त ऑप्टेनवरच्या पेजांच्या टेबलनोंदी ‘अगम्य’ करून ठेवतं. पुढच्या स्पर्शाला हिंट फॉल्ट येतो, आणि खूण केल्यापासून फॉल्टपर्यंतचा वेळ उंबरठ्यापेक्षा कमी असला तर पेज वर येतं.

दुसरा स्विच लावून पहिला विसरला तर व्हीएमस्टॅटमध्ये (कर्नेलच्या मेमरीविषयक मोजण्यांत) प्रमोट-कँडिडेट वाढतो आणि प्रमोट-सक्सेस जागच्या जागी राहतो. डीरॅम भरलेली, खाली काही सरकत नाही, वर यायला जागा नाही.

आणखी एक सापळा, त्यात बरेच जण अडकतात. प्रोसेस नोड ० आणि २ वर बांधायला नुमासीटीएलचं मेमबाइंड वापरलं की हिंट फॉल्ट शून्य होतात. स्वतः दिलेल्या बाइंड धोरणाच्या जागा स्कॅनर वगळतो. नुमासीटीएलला बॅलन्सिंगचा वेगळा पर्याय द्यावा, किंवा सरळ सीपीयूसेटमध्ये (प्रोसेसला ठरावीक सीपीयू आणि नोडांपुरतं ठेवणारी सोय) मेम्स ०,२ लिहावं. आपण सीपीयूसेट घेतलं. मात्र ६.१२ वरचं डिमोशन सीपीयूसेटची मर्यादा पाळत नाही, हे लक्षात असू द्यावं.

पडताळणीसाठी नुमास्टॅट प्रोसेसच्या क्रमांकासह, आणि विशिष्ट पत्ता कुठल्या नोडवर आहे हे पाहायला मूव्ह-पेजेस कॉल, नोडांची यादी नल देऊन. पर्फ या मोजणीच्या साधनातला लोकल-पीएमएम हा लोड इव्हेंट प्रत्यक्ष किती वाचनं ऑप्टेनपर्यंत पोचली ते सांगतो. शेवटी खरा न्याय त्याचाच.

१४ फेब्रुवारी : प्रमोशन का रांगतं

सगळे स्विच बरोबर असूनही गरम की वर यायला फार वेळ घेतात. बिघाड कुठेच नाही. हिशेब मांडला की कारण दिसतं.

४ केबीच्या पेजात चार व्हॅल्यू. १ टक्का की गरम आणि विखुरलेल्या, तर पेजात निदान एक गरम असण्याची शक्यता १ वजा ०.९९ चा चौथा घात, म्हणजे ३.९४ टक्के. एकूण १० कोटी पेजांपैकी ३९.४ लाख गरम. त्यांच्यावर सेकंदाला ९०,००० विनंत्या. म्हणजे एका ‘गरम’ पेजाला सरासरी ४४ सेकंदांतून एकदा स्पर्श.

कर्नेलचा गरमपणाचा मूळ उंबरठा १००० मिलिसेकंद. ४४ सेकंदांनी एकदा लागणारं पेज खूण केल्यावर १ सेकंदाच्या आत लागण्याची शक्यता २.३ टक्के. एका पूर्ण फेरीत साधारण ८९,००० गरम पेजं वर येणार, म्हणजे १६ जीबीपैकी ३६४ एमबी. सोबत थंड पेजंही येणार, १०,००० च्या आसपास, कारण ती संख्येने २४ पट आहेत.

आता फेरीला लागणारा वेळ. स्कॅनचा तुकडा २५६ एमबी, किमान अंतर १ सेकंद. ४१० जीबीला २५ मिनिटं, तेही अंतर किमानच राहिलं तर. कमाल ६० सेकंद, तिथे पोचलं तर एका फेरीला २५ तास. किमान अंतर धरूनही गरम संचाचा सुमारे ६३ टक्के भाग वर यायला ४४ फेऱ्या, म्हणजे १८ तास लागतात. तोवर कोणत्या की गरम हेच बदललेलं असतं.

काय हलवता येतं: तुकडा १०२४ एमबी केला तर फेरी साडेसहा मिनिटांच्या आत, पण तेवढ्याच प्रमाणात टेबलनोंदी बदलणं आणि टीएलबी (पत्त्यांच्या भाषांतराची कॅश) पुसणं वाढतं. उंबरठा डीबग-एफएसमधून १०,००० मिलिसेकंद केला तर फेरीमागे ८ लाख गरम पेजं आणि १ लाख थंड. हे दोन्ही एकत्र केलं तर निभावून नेता येईल. प्रमोशनच्या वेगमर्यादेचा मूळ आकडा ६५,५३६ एमबी प्रतिसेकंद, म्हणजे मर्यादा नसल्यातच जमा. तो कमी केला की उंबरठा आपोआप खाली-वर होतो (६.१ पासून), त्यामुळे दोन्ही एकाच वेळी हलवून निष्कर्ष काढू नये.

एखादी जागा सेकंदाला हजारदा वापरणाऱ्या प्रोग्रामसाठी ही यंत्रणा उत्तम. आपला भार प्रचंड संचावर पातळ पसरलेला आहे, आणि त्यासाठी ती जन्मलेली नाही.

१७ फेब्रुवारी : पेज आणि वस्तू

वर आणण्याचा वेग सोडवला तरी जागेचा प्रश्न उरतोच. गरम व्हॅल्यू एकूण ४ जीबी, पण पेजाच्या हिशेबाने डीरॅम लागते १६ जीबी, कारण प्रत्येक गरम व्हॅल्यूसोबत बहुधा तीन थंड येतात. गरम की १ ऐवजी ५ टक्के असल्या तर १८.५ टक्के पेजं गरम, म्हणजे ७६ जीबी. इंडेक्ससाठी २७ काढल्यावर ५५ उरतात. बसत नाही, जरी खरा गरम डेटा २० जीबीच असला तरी.

२ एमबीच्या मोठ्या पेजात २०४८ व्हॅल्यू. तिथे १ टक्क्यालाही जवळपास प्रत्येक पेज गरमच निघतं. मोठी पेजं आणि पेजांचं स्थलांतर या दोन गोष्टी अशा डेटावर एकत्र नांदत नाहीत.

इंडेक्सचं उलट. एका पेजात २४ बाइटच्या १७० नोंदी, त्यात निदान एक गरम असण्याची शक्यता ८२ टक्के. त्यामुळे इंडेक्सची निवड करत बसण्यात अर्थ नाही, तो अख्खा डीरॅममध्येच हवा.

२० फेब्रुवारी : निर्णय

पेज कोणतं लागलं हे कर्नेलला अंदाजाने शोधावं लागतं. की कोणती लागली हे सर्व्हरला प्रत्येक विनंतीला कळतंच. तेव्हा व्हॅल्यूंची जागा सर्व्हरनेच ठरवायची, वस्तूगणिक.

रचना: प्रत्येक व्हॅल्यूचं कायमचं घर ऑप्टेनवर. गरम झाली की तिची प्रत डीरॅममधल्या ठरावीक तलावात, १ केबीच्या खणांत. घरची प्रत पुसायची नाही. थंड झाली आणि मधल्या काळात बदलली नसेल तर नुसता पॉइंटर घराकडे वळवायचा, ऑप्टेनवर एक बाइटही लिहायचा नाही. ऑप्टेनची जागा मुबलक आहे, लिखाण मुबलक नाही.

मोजणी ठेवायला नोंद मोठी करायची नाही. कॅस्केड लेकवर वापरकर्त्याचे पत्ते ४७ बिटांत मावतात, पॉइंटरचे वरचे १७ बिट मोकळे. त्यात ८ बिटांचा काउंटर, १ बिट ‘डीरॅममध्ये आहे’, १ बिट ‘बदललेली’. (पॉइंटर झाकला गेल्यामुळे गळती शोधणारी साधनं सगळीच मेमरी गळाली म्हणून ओरडतील. चाचणीच्या बिल्डमध्ये बिट वेगळ्या रकान्यात ठेवावेत.)

काउंटर रेडिसच्या एलएफयूसारखा (कमी वापरलेल्या की आधी काढण्याच्या धोरणासारखा) लॉगरिदमिक घ्यावा असं पहिल्यांदा वाटतं. पण त्याची झीज मिनिटाला १, आणि आपल्या गरम कीला मिनिटाला हिट मिळतात १.३५. वाढायची शक्यता पहिल्याच पायरीनंतर एक-अकरांश होते, झीज मात्र दर मिनिटाला पूर्ण. काउंटर जमिनीलगतच राहतो, गरम-थंड वेगळे होत नाहीत. म्हणून साधा रेषीय काउंटर, दर अर्ध्या तासाला निम्मा. गरम कीला अर्ध्या तासात ४० हिट, म्हणून काउंटर ४० ते ८० मध्ये खेळतो. थंड कीला ०.०४५ हिट, म्हणजे ०, क्वचित १. मध्ये एवढी मोकळी दरी असल्यावर उंबरठा कुठेही चालतो: ८ ला वर, ३ च्या खाली गेला की परत. शून्यापासून ८ पर्यंत पोचायला गरम कीला सरासरी सहा मिनिटं.

निम्मे करण्यासाठी ९.६ जीबी नोंदी अर्ध्या तासात चालून जायच्या, म्हणजे ५.३ एमबी प्रतिसेकंद. नगण्य.

२५ फेब्रुवारी : बांधणे आणि कुलूप

जेमॅलॉकचे दोन अरीना (स्वतंत्र मेमरी-साठे), प्रत्येकाला स्वतःचे एक्स्टेंट हुक (साठ्यासाठी मेमरी घेणारी आपली फंक्शनं). इंडेक्स अरीना: एममॅपने जागा घेणे, एमबाइंडने ती नोड ० ला बांधणे, एमलॉकने ती मेमरीतून काढू न देणे (हेच कुलूप). घर अरीना: २ एमबीला जुळवलेली जागा, एमबाइंड नोड २, मोठ्या पेजांची सूचना एमअ‍ॅडव्हाइजने. गरम तलाव जेमॅलॉकच्या बाहेर, सुरुवातीलाच २४ जीबी एकदम घेऊन, बांधून, कुलूप लावून. ५ टक्के गरम की असल्या तरी तो पुरतो.

एमबाइंड असताना एमलॉक कशाला? कारण ६.१२ वर डिमोशन करताना कर्नेल त्या जागेचं धोरण विचारत नाही. नोड ० ला बांधलेलं पेजही थंड दिसलं तर खाली जातं, आणि बाइंडमुळे स्कॅनर तिकडे फिरकत नाही, म्हणून ते परत वर येत नाही. एमलॉक केलेली पेजं निष्कासनाच्या यादीतच नसतात. मेमलॉकची मर्यादा सर्व्हिस फाइलमध्ये वाढवावी लागते.

जेमॅलॉक रिकामी पेजं एमअ‍ॅडव्हाइज डोन्टनीडने परत करू पाहतं. कुलूप लावलेल्या जागेवर हा कॉल ईइनव्हॅल ही चूक देतो. इंडेक्स अरीनाची डर्टी-डिके उणे १ ठेवावी, म्हणजे तो प्रयत्नच होत नाही.

नोड ० ला कडक बांधल्याचा दुसरा अर्थ: डीरॅम संपली की ऑप्टेनवर शेकडो जीबी मोकळे असतानाही ओओएम किलर (मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणारा) येतो. लॉगमध्ये कारण म्हणून मेमरी-पॉलिसीचं बंधन लिहिलेलं दिसतं, तेवढीच खूण. म्हणून बजेट: ८२.५ तून इंडेक्स २७, तलाव २४, उरले ३१.५. त्यातले १० फोर्कच्या काळातल्या कॉपी-ऑन-राइटसाठी (लिहिताच होणाऱ्या पेजांच्या नकलांसाठी) राखीव. बाकी ओएस, पेज टेबल, नेटवर्कचे बफर.

४ मार्च : फोर्क

सगळ्यात जास्त विचार इथे लागला. आधीच्या रचनेत, सगळी ४ केबी पेजं असताना, फोर्क म्हणजे १० कोटी ६० लाखांहून जास्त टेबलनोंदींची नक्कल आणि तेवढ्याच स्ट्रक्ट पेजांना स्पर्श. तितका वेळ पॅरेंट प्रोसेस थांबलेली. घर अरीना मोठ्या पेजांवर गेल्यावर तिथल्या नोंदी १ लाख ९५ हजारांवर येतात, इंडेक्स आणि तलावाच्या मिळून सुमारे सव्वा कोटी. मात्र प्रत्येक मोठ्या पेजामागे कर्नेल एक पेज टेबल अनामत ठेवतं, चाइल्डसाठीही. म्हणजे डीरॅममधून आणखी ८०० एमबी. वेळ वाचतो, जागा नाही.

एकेकाळी मोठ्या पेजावर एक बाइट लिहिला की पूर्ण २ एमबीची नक्कल होई. ५.८ पासून कर्नेल अशा वेळी मॅपिंग फोडतं आणि ४ केबीचीच नक्कल करतं. तरीही स्नॅपशॉट चालू असताना घरी परतीचं लिखाण थांबवलं आहे. बदललेल्या व्हॅल्यू तोवर तलावातच राहतात.

काउंटरही थांबवायचा. नुसत्या वाचनानेही नोंदीतला काउंटर बदलतो, म्हणजे पेजाची नक्कल. नोंदींच्या २३.४ लाख पेजांपैकी १९.२ लाखांत गरम की आहे, प्रत्येकाला सरासरी २१ सेकंदांनी हिट. पहिल्याच मिनिटात ७.४ जीबी नकला, राखीव १० पैकी. रेडिसही चाइल्ड चालू असताना एलएफयू-एलआरयूची नोंद बदलत नाही, ती याचसाठी.

चाइल्डने हॅश टेबलच्या क्रमाने चालू नये. त्या क्रमाने प्रत्येक व्हॅल्यू ऑप्टेनच्या नव्या कोपऱ्यात असते. घर अरीनाच्या पत्त्यांच्या क्रमाने ओळीने वाचावं, आणि ‘बदललेली’ असेल तिथे तलावातली प्रत घ्यावी. त्यासाठी घराच्या खणातून नोंदीकडे उलटा दुवा लागतो. तो १६ बाइटच्या हेडरमध्येच बसवला.

१० मार्च : परतीचं लिखाण

ऑप्टेन आतून २५६ बाइटच्या एककात लिहिते. ६४ बाइटचा सुटा तुकडा दिला तरी आत २५६ चं वाचून-बदलून-लिहिणं होतं. १ केबीचा खण १०२४ ला जुळलेला आहे, त्यामुळे बरोबर चार एककं. सगळी व्हॅल्यू नॉन-टेम्पोरल स्टोअरने (कॅश टाळून लिहिणाऱ्या सूचनेने) सलग लिहायची, शेवटी स्टोअर-फेन्स (लिखाणांचा क्रम राखणारी सूचना). कॅशमार्गे लिहिलं तर ओळी कॅशमधून हव्या त्या क्रमाने बाहेर पडतात आणि २५६ ची सलगता मोडते.

लिहिणारे थ्रेड वाढवून फायदा होत नाही. ऑप्टेनवर थोड्या थ्रेडनंतर लिखाणाचा वेग उतरू लागतो. परतीच्या लिखाणाला एकच थ्रेड, पुढे रांग. रांग तुंबली तर तलावातून आधी न बदललेल्या व्हॅल्यू काढायच्या.

१३ मार्च : सीएक्सएलकडे

ऑप्टेनचा व्यवसाय गुंडाळत असल्याचं इंटेलने जुलै २०२२ मध्येच जाहीर केलं, तेव्हा हा कोड सीएक्सएल (प्रोसेसरला जादा मेमरी जोडण्याचा मानक दुवा) मेमरीवर चालला पाहिजे. तीही सीपीयू नसलेला नोड म्हणूनच दिसते, त्यामुळे अरीना आणि एमबाइंडचा भाग तसाच राहतो. २५६ चं एकक आणि लिखाणाची टंचाई ऑप्टेनची खास. पट्टीमागे साधी डीरॅम असेल तर घरची प्रत जपण्याची गरज कमी होते, म्हणून तो निर्णय कंपाइल-टाइम पर्यायात टाकला. सीएक्सएल डिव्हाइससाठी मेटाडेटा त्याच मेमरीवर ठेवण्याची विनंती ड्रायव्हर आपणहून करतो, फक्त बूटच्या वेळी मेमरी-हॉटप्लगचं पॅरामीटर चालू हवं. फोर्कचा वेळ तेव्हा पुन्हा मोजावा.

वेटेड इंटरलीव्ह (पेजं नोडांमध्ये ठरावीक प्रमाणात वाटणं, ६.९ पासून) घर अरीनासाठी तपासायचं आहे, पण फक्त बँडविड्थ संपत असेल तिथेच. विलंब हा प्रश्न असताना ते लावलं तर डीरॅममधली जागा थंड व्हॅल्यूंना वाटली जाते.

बाकी: नोंदी निम्म्या करणारा फेरा स्नॅपशॉटमध्ये थांबतो. लांबलेल्या स्नॅपशॉटनंतर काउंटर एकदा निम्मे करायचे की चुकलेल्या फेऱ्यांइतके वेळा, हे अजून ठरलेलं नाही. त्या काळात काउंटर वाढतही नाहीत, म्हणून एकदाच करणं बरं, असा सध्याचा कल.